कबुतरांच्या प्रकरणातला समास

चीफ,

मैत्रेयीचा फोन आला तेव्हा मी तांदूळ धूत होते. तुमची लेक मला कधी फोन करत नाही, मेसेज टाकते, म्हणून हात न पुसताच उचलला. "आँटी, पप्पा इज नो मोर," ती म्हणाली. पाठ केलेलं वाक्य चुकू नये म्हणून सावकाश म्हणावं, तसं. आणि मी विचारलं, "मग रविवारी?"

एकोणीस वर्षांच्या मुलीला मी हे विचारलं. ती म्हणाली, "आँटी?" मग सुजातावहिनींनी फोन घेतला. तुम्ही शिपयार्डमध्ये जहाज तपासायला गेला होतात. शिडी चढून वर पोचलात, पाणी मागितलंत, खाली बसलात. पाणी आलं तेव्हा तुम्ही नव्हतात. मी फोन ठेवला, तांदूळ कुकरमध्ये घातले आणि तीन शिट्ट्या मोजल्या. मला मोजता आल्या, याचं मला आठ दिवसांनीही नवल वाटतं.

हे परवा, रविवारी, तुमच्या पुण्यानुमोदनाला वाचायचं आहे. तिथे असे लोक असतील ज्यांना आपल्या रविवारांबद्दल काही ठाऊक नाही. म्हणून तुम्हाला माहीत असलेलंही थोडं सांगते. कंटाळलात तर नेहमीसारखी बोटांनी टेबल वाजवा.

आपली ओळख मेट्रोच्या लाल लाइनच्या गाडीत झाली. माझ्या हातात फ्रेंच राज्यक्रांतीवरचं पुस्तक होतं, आणि पुण्याच्या सवयीने मी त्याला जुन्या कॅलेंडरच्या पानाचं कव्हर घातलं होतं. समोर उभा असलेला, पांढऱ्या मिशांचा, जाड मनगटांचा एक माणूस वाकून ते कव्हर वाचत होता. म्हणाला, "मॅडम, तुमच्या पुस्तकावर आज संकष्टी आहे." मी दचकले. या परदेशी शहरात अनोळखी माणूस एकदम मराठीत बोलला की आधी भीती वाटते आणि मग हसू येतं. "चंद्रोदय किती वाजता आहे?" मी विचारलं. "आम्हाला काय, कधीही उगवो," तुम्ही म्हणालात. "आम्ही बौद्ध माणसं. आत काय आहे?" मी आतलं पान दाखवलं. "याचा शेवट माहीत आहे मला. सांगू?"

मी बिशान स्टेशनला उतरायचं विसरले. पुढच्या स्टेशनवरून परत आले.

सात वर्षं एकाआड एक रविवारी, सकाळी साडेआठला, आपण बुकित बातोकच्या हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे खाण्याच्या गाड्यांच्या त्या मंडईत, बसत आलो. तुमची बिनसाखरेची काळी कोपी (इथे कॉफीला कोपीच म्हणतात), माझा चहा, दोघांत एक नारळाच्या जॅमच्या काया टोस्टची बशी आणि मध्ये पुस्तक. छापखाना आला आणि धर्मगुरूंच्या हातून पोथी निसटली, तिथून सुरुवात केली. मग दुर्बिणी, मग कॉफीची दुकानं आणि तिथे मोठ्याने वाचली जाणारी पत्रकं, मग पॅरिस. पॅरिसहून आपण पुढे गेलोच नाही, असं म्हटलं तरी चालेल. एकदा तुम्ही मला अठराशे अठ्ठेचाळीसपर्यंत ओढत नेलंत. "एकाच वर्षात इतकी शहरं पेटली. वायरिंग कोणी केलं होतं?" असं म्हणून परत पॅरिसला आणलंत.

पुस्तकं लायब्ररीची, माझ्या कार्डावर काढलेली. पहिल्याच पुस्तकात तुम्ही समासात लिहून ठेवलं होतं. मी घाबरले. "चीफ, हे लायब्ररीचं आहे." तुम्ही म्हणालात, "पेन्सिल आहे हो. जहाजावर प्रत्येक पुस्तकात आधीच्या माणसाचं लिहिलेलं असतं. तेवढीच सोबत." शेवटी तह झाला. तुम्ही पेन्सिलीने आणि हलक्या हाताने लिहायचं. मी ते वाचायचं, माझ्या वहीत उतरवून घ्यायचं आणि पुस्तक परत करण्याआधी खोडायचं. समोरच्या पानावर माझं उत्तर. अशा चार वह्या झाल्या. तुमच्या प्रत्येक टिपेखाली वेळ असते, इंजिनरूमच्या लॉगबुकात असते तशी. "छापखाना म्हणजे पंप. पाणी आधीही होतंच. ०५:५५." गिलोटिनच्या दिवसांबद्दल: "वेग आवरणारा गव्हर्नर निकामी. असं इंजिन स्वतःच्याच वेगाने फुटतं. २१:२०." आणि एका तत्त्वज्ञाच्या लांबलचक उताऱ्याशेजारी फक्त: "याला कोणीतरी जेवायला बोलवा."

मी पुण्यात बारा वर्षं कॉलेजात इतिहास शिकवला. मास्तरीणबाई हे नाव तुम्ही त्यावरूनच पाडलंत, जसं जहाजावरच्या चीफ इंजिनिअरला मी नुसतं चीफ म्हणू लागले. राज्यक्रांतीची कारणं पाच, परिणाम पाच. "म्हणजे क्रांती दहा मार्कांची," तुम्ही म्हणाला होतात. मला राग आला नाही. घरी येताना गाडीत जाणवलं, की बारा वर्षांत एकाही मुलाने मला हे तोंडावर सांगितलं नव्हतं.

लोकांना वाटेल, मी पुस्तकी बाई म्हणजे विचारांची बाजू घेत असणार आणि तुम्ही यंत्रातला माणूस म्हणजे पोटाची. आपलं नेमकं उलट होतं. मी म्हणायचे, क्रांती पावाने केली. पीक बुडालं, खजिना रिकामा झाला, भाव चढले आणि बायका रस्त्यावर आल्या. पुस्तकं लिहिणाऱ्यांना श्रेय नंतर मिळालं, कारण श्रेय वाटण्याचं काम पुस्तकं लिहिणारेच करतात. तुम्ही मान हलवायचात. "भूक तर हजार वर्षं होती मास्तरीणबाई. भूक जुनी आणि क्रांती नवी. मध्ये काय आलं ते सांगा."

मध्ये काय आलं. सात वर्षं हाच एक प्रश्न. मी नवीन नवीन पुस्तकं आणायचे आणि तुम्ही तोच प्रश्न त्यांच्यापुढे ठेवायचात.

तरुणपणी एका फ्रेंच बंदरात तुम्हाला चार तासांची सुट्टी मिळाली होती. सगळे दारू प्यायला गेले. तुम्ही चालत गावात गेलात, तर नगरपालिकेच्या दारावर दगडात तीन शब्द कोरलेले. भाषा येत नव्हती, तरी तीनही शब्द ओळखू आले. तुमच्या वडिलांनी संविधानाचं इंग्रजीतलं पहिलं पान फ्रेम करून भिंतीवर लावलं होतं, आणि त्यातले हे तीन, स्वातंत्र्य, समता, बंधुता, तुम्ही शाळेत जाण्याआधीपासून बघत होतात. "मला वाटलं, आमच्या घरातले शब्द इथे कोणी आणून लावले?" तुम्ही हसत सांगत होतात. डोळे मात्र हसत नव्हते. त्यानंतर तुम्ही युरोपचा इतिहास वाचायला घेतलात. इंजिन कंट्रोलरूमच्या लोखंडी कपाटात स्पेअर पार्टच्या यादीशेजारी पुस्तकं ठेवायचात. तेलाचा वास लागलेलं एक तुम्ही मला दिलं आहे. ते लायब्ररीचं नव्हतं, त्यातलं मी काहीच खोडलेलं नाही.

आता शेवटचा रविवार.

पुस्तक खेड्यांच्या तक्रारींचं होतं. राजाने गावागावाला सांगितलं, तुमची गाऱ्हाणी लिहून पाठवा. आणि गावांनी लिहिलं. मिठावरचा कर. सरदाराच्याच गिरणीत दळण्याची सक्ती. आणि कबुतरं. सरदाराची कबुतरं पेरलेलं दाणा-दाणा टिपून खातात, आणि शेतकऱ्याला एकही मारायची परवानगी नाही. पानंच्या पानं कबुतरं. तुम्हाला ते प्रकरण इतकं आवडलं, की टेबलावर उष्टं टिपायला कबुतर आलं की तुम्ही अदबीने बशी पुढे सरकवायचात. "या सरदार." शेजारच्या टेबलावरचे चिनी आजोबा तुम्हाला ओरडायचे, कबुतरांना घालायची इथे बंदी आहे म्हणून.

मी म्हटलं, "बघा. कुठे आहे स्वातंत्र्य? कुठे आहे समता? त्यांनी मीठ आणि कबुतरं मागितली. विचार शहरातल्या वकिलांचे. वकिलांनी नमुन्याची तक्रार लिहून वाटली आणि कितीतरी गावांनी ती जशीच्या तशी उतरवली, हेही याच प्रकरणात आहे."

"ते मला आवडलं नाही," तुम्ही म्हणालात. "सही त्यांची आणि शब्द वकिलाचे. दुसऱ्याच्या तोंडात शब्द घालायचे म्हणजे चोरीच. पण बाकीच्यांचं काय? कबुतरं शंभर वर्षं खात होती. त्यांनी आत्ताच का लिहिलं?"

"राजाने विचारलं म्हणून."

"तेच. कोणीतरी विचारलं. तुझी तक्रार काय, असं विचारल्यावर माणसाला पहिल्यांदा कळतं, की ही तक्रार आहे. तोवर ते नशीब असतं." तुम्ही कोपी बाजूला ठेवलीत. "माझा आजा उपाशी होता. त्याचा बाप उपाशी होता. दोघांनी मेलेली गुरं ओढली आणि गावाला एक शब्द विचारला नाही. माझ्या बापाने विचारलं. तो आज्यापेक्षा कमी उपाशी होता, दोन वेळा जेवत होता. मग त्याने का विचारलं?"

मी पुस्तक मिटलं. म्हटलं, "चीफ, तुम्ही तुमच्या घरची गोष्ट पॅरिसवर चढवताय."

तुम्ही बशी बाजूला सारलीत. मग विचारलंत, "आणि तुमच्या घरची गोष्ट कुठे आहे मास्तरीणबाई? सात वर्षांत ऐकली नाही. तुमच्या घरात कोणाला कधी काही विचारायची वेळच आली नाही का?"

मी म्हटलं, "हा इतिहास नाही झाला." तुम्ही उठलात. सात वर्षं दोघांचे ट्रे तुम्हीच रॅकवर नेऊन ठेवायचात, मला कधी उचलू दिला नाहीत. त्या दिवशी तुम्ही तुमचा नेलात. माझा टेबलावर राहिला.

पुस्तक तुमच्याकडे होतं आणि बुधवारी परत करायचं होतं. मंगळवारी कॉलेजला जाताना मैत्रेयीने ते बिशान स्टेशनवर माझ्या हातात दिलं. कानातून इअरफोन काढून म्हणाली, "आँटी, पप्पा सेड रीड फर्स्ट, देन रब. डोन्ट चीट अह." आणि सरकत्या जिन्यावरून पळत खाली गेली.

घरी येऊन मी पुस्तक उघडलं. कबुतरांच्या प्रकरणात, उजव्या पानावर, समास वरपासून खालपर्यंत भरलेला होता. इतकं लांब तुम्ही कधी लिहिलं नव्हतं. वर "मास्तरीणबाई" एवढं दिसलं आणि मी नजर काढून घेतली. मला वाटलं, आता हा माणूस मला माझंच घर समजावून सांगणार. मला वाटलं, दोन आठवडे थांबू, त्याने तोंडाने सांगू दे. मला काय काय वाटलं ते नीट आठवत नाही. खोडरबर घेतला आणि वरून खाली खोडत गेले, डोळे दुसरीकडे ठेवून. कागदावरचा चुरा झटकला. बुधवारी पुस्तक परत केलं. गुरुवारी मी तांदूळ धूत होते.

तुमच्या इमारतीखालच्या मोकळ्या जागेत अंत्यदर्शनासाठी खुर्च्या मांडल्या होत्या. तुम्ही पांढऱ्या शर्टात होतात. त्रिशरण चाललं होतं आणि मी मागच्या रांगेत उभं राहून तुमच्या उजव्या हाताकडे बघत होते. मला रडू येत नव्हतं. मनात एकच होतं: या हाताने लिहिलं आणि माझ्या हाताने पुसलं, आणि मधे एक दिवससुद्धा गेला नाही.

दुसऱ्या दिवशी सुजातावहिनींनी मला आत बोलावलं. "मंगळवारी पहाटे उठून हे टेबलाशी बसले होते. तासभर. चहा गार झाला. मी विचारलं, एवढं काय लिहिताय? म्हणाले, मास्तरीणबाईंना उत्तर. तुमच्या वहीत असेल ना ते? पुण्यानुमोदनाला वाचून दाखवू. यांचं शेवटचं लिहिलेलं आहे."

मी म्हटलं, "कबुतरांबद्दल होतं." खोटं नव्हतं. त्याहून वाईट काहीतरी होतं ते.

सोमवारी मी लायब्ररीत गेले. पुस्तक जागेवर होतं. आपल्या दोघांशिवाय ते कोणी नेत नाही. खिडकीपाशी जाऊन पान तिरकं धरलं, उजेडाला लावलं, चष्मा काढून, चष्मा घालून. काही नाही. हलक्या हाताने लिहा, खोडल्यावर खाच राहते, असं पहिल्या वर्षी मीच तुम्हाला दहादा बजावलं होतं. तुम्ही ऐकलंत. खालच्या कोपऱ्यात मात्र चार आकडे उठून दिसत होते. ०६:१०. लॉगबुकातला आकडा दाबून लिहायचा, तो पुसला जाता कामा नये, हे तुमचं. अक्षरं गेली, वेळ राहिली.

मी पुस्तक पुन्हा माझ्या कार्डावर काढलं आणि घरी आणलं. मग जे केलं तेही सांगते. वही उघडली, पान क्रमांक लिहिला, आणि तुमच्यासारखं लिहायला बसले. सात वर्षं तुमची वाक्यं उतरवली आहेत. तुमचं वाक्य कुठे वळतं, कुठे थट्टा येते, हे माझ्या हाताला पाठ आहे. दहा-बारा ओळी झाल्या. चांगल्या झाल्या. वहिनींना शंका आली नसती. मैत्रेयी हसली असती, रडली असती. वाचून पाहिलं, तर त्या बारा ओळींत तुम्ही मला माफ केलं होतं. आणि वर, पावाबद्दल तुमचं बरोबर आहे, असंही म्हटलं होतं.

सही त्यांची आणि शब्द वकिलाचे. मी ते पान फाडलं.

वहिनींना फोन केला आणि सांगितलं, की टीप वहीत नाही, मी ती खोडली आहे.

"न वाचता?"

"हो."

"रागात होतात?"

"हो."

"हे पण रागातच होते. सोमवारी नीट जेवले नाहीत. मी म्हटलं, फोन करा ना त्यांना. म्हणाले, फोनवर नाही, समासात." मग त्या म्हणाल्या, "मला तुमचा फार राग येतोय."

"येणारच," मी म्हटलं.

"काय असेल हो त्यात? माफी मागितली असेल?"

"मला माहीत नाही वहिनी."

"यांनी नसती मागितली."

"नसतीच."

"मग बरं," त्या म्हणाल्या. मग नाक पुसल्याचा आवाज. "रविवारी जे झालं तेच वाचा. गोड काही करू नका."

म्हणून हे, चीफ.

तुमचं म्हणणं मला पटलं, असं मी इथे लिहिणार नाही. तुम्ही नसताना हरणं फार सोपं आहे. मला अजूनही वाटतं, की पाव नसता तर त्या बायका चालत राजवाड्यापर्यंत गेल्या नसत्या. पण तुमच्या वडिलांनी का विचारलं, याचं उत्तर माझ्या पाच कारणांत नाही, हे मला त्या रविवारीच कळलं होतं. कळलं होतं म्हणूनच तसं बोलले.

आणि माझ्या घरची गोष्ट तुम्ही विचारलीत. आमच्या घरी मागच्या दाराशी एक बाई यायची, अंगण झाडायला. तिला पाणी वरून ओतायचे. मी सात-आठ वर्षांची असेन. मी ते रोज बघितलं आणि कोणाला काही विचारलं नाही. घरात भिंतभर पुस्तकं होती, मी त्यातली बरीच वाचली होती. उपाशी कोणीच नव्हतं. तरीही विचारलं नाही. ही आमच्या घरची गोष्ट. सात वर्षं समोर बसून सांगितली नाही, ती आज एवढ्या लोकांसमोर सांगते आहे. तुम्ही विचारलंत म्हणून ती गोष्ट आहे हे कळलं. तोवर ते नुसतं अंगण होतं.

काल सकाळी मी एकटीच हॉकर सेंटरमध्ये गेले. सवयीने दोन पेयं मागवली. तुमची कोपी समोर ठेवली, पुस्तक उघडलं आणि कबुतरांचं प्रकरण काढलं. शेजारच्या आजोबांनी रिकाम्या खुर्चीकडे बोट करून विचारलं, "युअर फ्रेंड?" मी नाही म्हणून मान हलवली. त्यांनी थोडा वेळ माझ्याकडे बघितलं आणि त्यांच्या बशीतला टोस्टचा तुकडा खाली टाकला. कबुतर आलं.

मी पेन्सिल काढली. आयुष्यात पहिल्यांदा लायब्ररीच्या पुस्तकात लिहिलं, त्याच समासात, तुमच्या चार आकड्यांच्या वर. "इथे एक उत्तर होतं. ते मी न वाचता खोडलं." खाली वेळ घातली, दाबून. मग दोन्ही ट्रे रॅकवर नेऊन ठेवले.

पुस्तक अठरा दिवसांनी परत करायचं आहे. खोडरबर मी घरातून बाहेर काढणार नाही. त्या समासात थोडी जागा उरली आहे, आणि माझं लिहिलेलं पुसायचा हक्क आता फक्त तुमचा आहे.

आधी वाचा, चीफ. मग खोडा.